एकशे बारावं पान

वाचनाची मला आवड नाही, खोड आहे. आवड सोडता येते. भज्यांचा कागद तेल निपटून वाचणारी मी बाई. पंगतीत समोर अंथरलेल्या जुन्या पेपरवर एखादी बातमी दिसली की वरण गार होईपर्यंत माझी मान वर येत नाही. नांदेडच्या एका शाळेत पस्तीस वर्षं गणित शिकवलं आणि संध्याकाळी कथा-कादंबऱ्या वाचल्या. गणिताच्या बाईला कादंबऱ्यांचं काय, असं स्टाफरूममध्ये सगळे विचारायचे. अहो, दिवसभर एकच उत्तर येणारी उदाहरणं सोडवून जीव आंबतो. ज्याचं उत्तर मागच्या पानावर दिलेलं नाही असं काहीतरी माणसाला लागतंच की.

दुसरी खोड याहून वाईट. आपल्याकडच्या पुस्तकांत सुरुवातीच्याच एखाद्या पानावर लेखकाचा मोबाईल नंबर छापलेला असतो. पुण्याकडचे मोठे लेखक देत नाहीत, आपल्याकडचे देतात. पुस्तक संपलं की मी तो नंबर लावते. "नांदेडहून बोलते, वाचक आहे," एवढंच सांगते, नाव नाही. एका कवीला वाटलं मी कर्जाची चौकशी करणारी बाई आहे, त्यानं फोनच ठेवला. दुसरा एक कादंबरीकार माझं ऐकून रडायला लागला. पुस्तक येऊन दीड वर्ष झालं होतं आणि माझा फोन तिसरा होता.

गोडबोलेपणा मात्र माझ्याकडून होत नाही. हल्लीच्या पुस्तकांत चांगलं खूप आहे, ते मी तोंडभरून सांगते. देगलूरकडच्या एका मुलीच्या कथा वाचल्या. तिच्या घरातली माणसं भांडताना मराठी सोडून तेलुगूत शिरतात आणि समेट झाला की परत येतात. मी तिला म्हटलं, बाई, तू हे कुठून आणलंस, जीव खूश केलास. पण अठराव्या वर्षी गाव सोडायचं आणि चाळिशीत फ्लॅटमध्ये बसून गावावर पाचशे पानं लिहायची, आणि मागं शब्दार्थ द्यायचे, 'कडबा म्हणजे ज्वारीची वाळलेली धाटं', हे वाचलं की माझं डोकं फिरतं. आणि ते दुःख. ज्याच्या त्याच्या पुस्तकात दुःख असतं, पण ते दिलेलं कुणी नसतं. सरकारनं दिलं, जगानं दिलं, काळानं दिलं. घरातल्या माणसानं दिलं असं लिहायला कुणी तयार नाही. घरी जेवायला जायचं असतं ना.

लातूरच्या एका तरुण लेखकाला मी हेच सुनावलं होतं. कुठल्याशा कॉलेजात शिकवतो. त्याचा पहिला कथासंग्रह वाचून फोन केला आणि म्हटलं, "कथा चांगल्या आहेत, पण तुम्ही शेवटी सगळ्यांना माफ करून टाकता. पुढच्या वेळी कुणाची गय करू नका. घरातलं लिहा."

तो बिचारा ऐकून घेणारा निघाला. मग तोच अधूनमधून फोन करायला लागला. जमिनीवर लिहायचंय म्हणाला, जमीन आणि बाया. वहिवाट कशी चालते, वाटण्या कशा होतात, कुणी मोकळेपणानं सांगेल का? मी लगेच पुढं. म्हटलं, माझा भाऊ आहे ना, मुरुडजवळ आमचं गाव, लई बोलका माणूस आहे, जा खुशाल. दादाचा नंबर मीच दिला. दादा माझ्याहून दहा वर्षांनी मोठा. त्याच्यात आणि माझ्यात आमची अक्का. ती उमरीकडं दिली. तिघंच आम्ही.

लेखक गावी गेला, दादानं त्याला दोन दिवस ठेवून घेतलं. "चांगलं पोरगं हाय. सगळं लिहून घेतलं त्यानं," असं दादा फोनवर सांगायचा. मला तेव्हा अभिमानच वाटला. आमच्या घरात पुस्तक शिरायला लागलं, असं वाटलं.

कादंबरी टपालानं आली ती दादाच्या नव्या घराच्या घरभरणीच्या दोन दिवस आधी. पहिल्या पानावर लेखकाच्या हातचं: 'तुम्ही सांगितलंत तसं, कुणाची गय केली नाही. अभिप्रायाची वाट पाहतो.' मी खूश. चहा टाकला आणि बसले.

काय लिहिलंय पोरानं! खरंच सांगते, इतक्या वर्षांत आपल्या भागावर असं मी वाचलं नव्हतं. एक भाऊ, दोन बहिणी. बाप गेलेला. पंचमीला बहिणी माहेरी आलेल्या आणि भाऊ त्यांना जीपमध्ये घालून रजिस्ट्री ऑफिसात नेतो, हक्कसोड करून घ्यायला. आमच्याकडं ही रीतच आहे. बापाच्या जमिनीत बहिणीचा हिस्सा कायद्यानं असतो आणि बहिणीनं तो भावाच्या नावानं सोडायचा असतो. जी सोडत नाही तिचं माहेर तुटतं. भाऊ दुष्ट नाही. बहिणींवर त्याची माया आहे, परत येताना तो त्यांना साड्या घेतो, रसवंतीवर रस पाजतो. त्याला राक्षस केलेला नाही, म्हणून तर जास्त लागतं. पुढं मोठ्या बहिणीचा नवरा जातो. एक दिवस ती एकटीच माहेरी येते, घरी न जाता शेताच्या बांधावर बसते. इथं एक पत्र्याची खोली टाकून राहावं असं तिच्या मनात असतं. पण आता इथं तिचं काही नाही, हे तिला बसल्या बसल्या उमगतं आणि ती संध्याकाळच्या गाडीनं परत जाते. मी समासात पेन्सिलीनं लिहिलं, 'वा, काय कल्पना आहे.'

एकशे बारावं पान त्याच्या आधीचं. ते वाचलं तेव्हा पेन्सिल खाली ठेवली होती. बांधाचं नंतर वाचलं, ते तरी पोरानं मनानं रचलंय असं धरलं, म्हणून ती परत उचलली.

त्या पानावर रजिस्ट्री ऑफिसातली खिडकी आहे. धाकटी बहीण, मास्तरीण, आधी सही करते. मग मोठीकडं कागद येतो. ती तो हातात धरून अक्षरं लावायला लागते. तेव्हा धाकटी तिला म्हणते, "कर सही. त्यात वाचण्यासारखं काही नसतं."

हे मी म्हणाले होते. याच शब्दांत. वीस वर्षं होऊन गेली, पण ते वाक्य मला दिसलं आणि ती खिडकीही दिसली. दादाची धावपळ चाललेली, गर्दी, उकाडा, मला दुपारच्या गाडीनं नांदेडला यायचं होतं. दुसऱ्या दिवशी शाळा होती. मला नोकरी होती, मला जमीन काय करायची होती? मी सही करून मोकळी झाले आणि अक्का कागद धरून उभी. मला गाडीची घाई. भज्यांचा कागद वाचणारी मी, बहिणीला म्हणाले की त्यात वाचण्यासारखं काही नसतं.

आधी राग आला तो दादाचाच. म्हटलं, एवढं सांगायची काय गरज होती याला? आपण केलेलं मोठेपणानं सांगितलं ते सांगितलं, माझं वाक्यही त्या पोराला देऊन टाकलं. लगेच फोन लावला. दादा मांडववाल्याशी हुज्जत घालत होता.

"दादा, ते पुस्तक आलंय. तू वाचलंस का?"

"वाचलं की. माझं नाव हाय त्यात. सुरुवातीलाच, आभार मानलेत तिथं, तिसऱ्या ओळीत."

"आणि पुढचं?"

"पुढचं तुझ्यावानी रिकाम्या माणसानं वाचावं. मी वाचत बसलो तर मांडव कोण घालील? आन् ऐक, औंदा पाव्हण्याला टोपी-टॉवेल न्हाई, बायांना खण न्हाई. पुस्तक. शंभर मागवलेत लातूरहून. रिबीन बी बांधून झाली. भावकीत असं कुणी केलं न्हाई आजवर."

मी म्हटलं, "दादा, नको देऊस. त्यात आपल्या घरातलं आहे."

"मग चांगलंच की. तूच म्हणत होतीस न्हवं, आहेरात पुस्तक द्यावं, घरात पुस्तक पायजे? जिंदगीभर तेच ऐकवलंस. आता देऊन राहिलो तर नको म्हणतीस. काय बाई तुझं."

फोनवर कसं सांगायचं? दादा, त्यात तू बहिणीला फसवलंस असं लिहिलंय, असं? आणि त्यानं फसवलं असं त्याला वाटतच नव्हतं. बहिणींनी हसत सही केली, ही गोष्ट तो अजून लोकांना आमच्या घराचा मोठेपणा म्हणून सांगतो. लेखकालाही त्यानं ती तशीच सांगितली असणार. मी हो हो केलं आणि ठेवला.

घरभरणीत माईकवरून पुकारून पुस्तकं वाटली. बायांना वाटलं साडीचा खोका आहे. "साडी हलकी दिसतीय गं," असं माझ्या मागं कुणीतरी म्हणालं. दादा नव्या फेट्यात, तोंड भरून हसत, एकेकाच्या हातात देत होता. अक्काला त्यानं स्वतः दिलं आणि तिच्या पाया पडला. वयानं मोठा असूनही भावानं बहिणीच्या पाया पडायची आमच्याकडं पद्धत आहे. मी तिच्याशेजारी सरकले. म्हटलं, "अक्का, दे माझ्याकडं, माझ्या पिशवीत ठेवते. वजन कशाला तुला."

"ऱ्हाऊ दे. माह्या भावानं दिलेलं हाय," ती म्हणाली आणि पुस्तक तिनं आपल्या पिशवीत डब्याखाली नीट आडवं ठेवलं.

मी धास्तावून नांदेडला आले. आता भावकीत बोभाटा होणार, दादाची इज्जत जाणार, माझी जाणार. आठ दिवस गेले, पंधरा गेले. काही झालं नाही. शंभर घरांत पुस्तक गेलं आणि कुणी रिबीनसुद्धा सोडली नाही. बिलोलीच्या चुलतभावाकडं गेले तर ते फ्रिजवर, त्यावर रिमोट. लातूरच्या मावसबहिणीनं कपाटात दर्शनी ठेवलंय, पाहुण्यांना दाखवते. घरातली गोष्ट लपवायची असेल तर मराठी कादंबरीत छापावी, लोखंडी कपाटापेक्षा बरी राहते. लोक वाचत नाहीत म्हणून मी आयुष्यभर कंठशोष केला आणि त्या पंधरवड्यात लोक वाचत नाहीत म्हणून देवापुढं दिवा लावला. स्वतःची लाज वाटली, पण लावला.

मग एका संध्याकाळी अक्काला सहज फोन केला. काय करतीस, म्हटलं.

"पुस्तक वाचून राहिले."

"कुठलं?"

"दादानं दिलेलं. दुसरं कोणतं हाय माह्याकडं?"

अक्का चौथी शिकलेली. ओळीखाली बोट धरून, ओठ हलवून वाचते. "कुठवर आलीस?" मी विचारलं. तिनं पान बघून सांगितलं, एकतीस. दिवसाला दोन पानं होतात म्हणाली, जेवणं झाल्यावर. मी गणिताची बाई. फोन ठेवायच्या आत माझा हिशेब झाला. एकेचाळीस दिवस.

शंभर घरांतली एकच बाई ते पुस्तक वाचत होती, आणि तीच.

काय काय केलं मी. म्हटलं, अक्का, ते पुस्तक कंटाळवाणं आहे, मी तुला दुसरं पाठवते. पाठवलंही, उमरीला जाणाऱ्या एका बाईंबरोबर. छान मोठ्या टाइपातलं, हलकंफुलकं. अक्का म्हणाली, हे झाल्यावर घेईन. म्हटलं, डोळ्यांना ताण पडेल. तर ती म्हणाली, तूच तर ऑपरेशन केलंस न्हवं, डॉक्टर म्हणलेत खुशाल वाचा. मोतीबिंदू मीच काढून आणला होता, नांदेडला माझ्या घरी पंधरा दिवस ठेवून. मग एकच उरलं. रोज फोन करायचा आणि पान विचारायचं. अठ्ठावन्न. पासष्ट. नातीला ताप होता तेव्हा चार दिवस वाचन बंद होतं आणि मला, देवा, बरं वाटलं.

त्या दिवसांत माझं स्वतःचं वाचन संपलं. नवी पुस्तकं उशाशी तशीच. एक गाजलेली कादंबरी उघडली, दहा पानांत मिटली. दुसरं एक आत्मकथन घेतलं, बाईनं सासरचं सोसलेलं लिहिलंय, फार सच्चं आहे. पण माझं लक्ष सारखं तिच्या त्या एका नणंदेकडं, जी दोन ओळींत येते आणि काही न बोलता निघून जाते. तिचं काय झालं असेल, तिनं हे वाचलं असेल का, एवढंच डोक्यात. आजवर पुस्तक उघडलं की मी ज्याच्यावर अन्याय झाला त्याच्या शेजारी जाऊन बसायची. माझी जागा ठरलेली. लेखकांना फोन करून सुनावायचे तेही तिथूनच. ती जागा अक्काची होती आणि मला उठावं लागलं. मग कुठं बसावं ते कळेना. तिकडं लातूरहून लेखकाचे फोन यायचे. "मॅडम, अभिप्राय?" मी म्हणायचे, वाचते आहे अजून. लेखकाशी मी पहिल्यांदा खोटं बोलले.

एकशे नऊ झालं. दुसऱ्या दिवशी एकशे अकरा. त्याच्या पुढच्या दिवशी फोन लावायला हात धजेना, तरी लावला.

"कुठवर?"

"एकशे वीस."

"आज लई वाचलंस."

"हाव. थांबू वाटलं न्हाई."

आणि मग तिनं विचारलं, भाजी काय केलीस. मी सांगितलं, मेथी. ती म्हणाली, आमच्याकडं मेथी अजून आली न्हाई. आवाज रोजचाच. तिनं शिव्या दिल्या असत्या तर मी ऐकून घेतल्या असत्या. सकाळी उठून उमरीची गाडी धरली.

अक्का ओसरीत सुपात तूर निवडत बसली होती. मला बघून नवल केलं नाही. पाणी दिलं, बस म्हणाली. पुस्तक तिच्या मागं कोनाड्यात होतं, रिबीन पानात खूण म्हणून घातलेली. मी इकडचं तिकडचं बोलले, मग राहवेना. म्हटलं, "अक्का, त्यात ते रजिस्ट्रीचं आहे."

"हाय."

"दादानं सांगितलं असेल. त्यानं माझं बोलणंही सांगितलं त्या लेखकाला. त्याला काय गरज होती?"

अक्कानं सुपातला एक खडा काढून बाजूला टाकला. "दादा कामून सांगल? दादा तिथं कुठं होता? तो झेरॉक्सला गेला होता. खिडकीपाशी तू आन् मीच."

 खरंच, दादा तिथं नव्हता. झेरॉक्सला गेला होता.

"ते पोरगं इथं आलं होतं, दोनदा," ती म्हणाली. "दादाकडून पत्ता घेऊन. त्यानं इचारलं, मावशी, सही करताना तुमाला काय वाटलं? मला आजवर कुणी इचारलं न्हवतं. मग सांगितलं सगळं. बांधावर बसले होते ते बी सांगितलं."

"ते खरं आहे?"

"मंग. तुमचे दाजी गेल्यावर दुसऱ्या वर्षी. तुला वाटलं, त्यानं मनानं लिवलं?"

मी समासात 'वा' लिहिलं होतं. माझ्या बहिणीच्या त्या दिवसापुढं मी पेन्सिलीनं 'वा' लिहिलं होतं.

"अगं, मग मला का नाही सांगितलंस? पंधरा दिवस माझ्या घरी राहिलीस, डोळ्याच्या वक्ताला. मी काय परकी होते का?"

अक्कानं सूप एकदा पाखडलं. मग म्हणाली, "सांगणार होते. पर तू आल्यागेल्याशी बी पुस्तक हातात धरूनच बोलतीस, माय. तुला माणसानं सांगितलेलं कुठं ऐकू येतं? म्हणलं, ह्या पोराला सांगावं. छापून आलं तर माझी बहीण वाचल."

मला रडू आलं. म्हटलं, अक्का, आता मी काय करू? दादाशी बोलते, हिस्सा मागते तुझा. ती म्हणाली, काय मागतीस, पोरांच्या नावानं झाली जमीन, त्यावर घर झालं, घरभरणी जेवून आलो आपण. खरं होतं. मला एकही गोष्ट सुचेना जी अजून करता येण्यासारखी होती. माफी मागायला तोंड उघडलं तर तेही जमेना, वीस वर्षांनी कुठल्या शब्दांत मागायची असते ते एवढ्या वाचनात कुठं आलं नव्हतं.

तिनं सूप बाजूला ठेवलं, कोनाड्यातून पुस्तक काढून माझ्या हातात दिलं.

"डोळे दुखून राहिले. वाच जरा."

मी खुणेचं पान उघडायला लागले. "तिथलं न्हाई," ती म्हणाली. "एकशे बारा."

मी पान काढलं आणि मोठ्यानं वाचायला लागले, शाळेत उदाहरण वाचून दाखवायचे तसं. खिडकी आली, गर्दी आली, माझी सही आली. मोठीनं कागद हातात घेतला. तिथं मी थांबले.  मग पुढची ओळ वाचली, "कर सही. त्यात वाचण्यासारखं काही नसतं."

"हाव," अक्का म्हणाली. "असंच म्हणली होतीस."